संमती की औपचारिकता? : चर्चिल, कर्टिन आणि रूझवेल्ट यांच्यातील युद्धकालीन तारव्यवहार (१९४१-४२) व ‘वसाहतीच्या स्वराज्या’ची कसोटी

प्रास्ताविक

मराठी वाचकाला ‘वसाहतीचे स्वराज्य’ हा शब्दप्रयोग नवा नाही. १९२८ च्या नेहरू अहवालाने त्याची मागणी केली, डिसेंबर १९२९ च्या लाहोर अधिवेशनाने ती ओलांडून पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि मार्च १९४२ मध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी युद्धानंतर तेच देण्याचे आश्वासन दिल्लीत आणले. मात्र ज्या देशांना हा दर्जा आधीपासून मिळालेला होता, त्यांच्या वाट्याला युद्धाच्या ऐन कसोटीच्या क्षणी त्यातून प्रत्यक्षात काय आले, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. क्रिप्स दिल्लीत पोहोचण्यापूर्वी अवघा एक महिना आधी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल, ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन कर्टिन आणि अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यात ज्या तारा गेल्या-आल्या, त्यांत या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

प्रस्तुत लेखात या तारांचा विचार केवळ इतिहासाचे साधन म्हणून न करता ‘संहिता’ म्हणून केला आहे. त्यांतील संबोधने, आश्वासनांची वाक्यरचना, आरोपाचे शब्द आणि मौनाच्या जागा तपासून पाहणे हा लेखाचा हेतू आहे. लेखाची मुख्य मांडणी अशी की, ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात वारंवार उल्लेखिले जाणारे डिसेंबर १९४१ चे जाहीर निवेदन हे या व्यवहाराचे खरे वळण नसून, २० ते २३ फेब्रुवारी १९४२ या दिवसांतील तारा हे ते वळण होय. या दिवसांत आप्तभावाची भाषा मागे पडली आणि अधिकाराची भाषा पुढे आली.

साधने आणि त्यांच्या मर्यादा

चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्यातील पत्रव्यवहार सप्टेंबर १९३९ मध्ये, चर्चिल नौदलमंत्री असतानाच, रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने सुरू झाला. पुढे चर्चिल पंतप्रधान झाल्यावर स्वतःचा उल्लेख ‘माजी नाविक’ अशा अर्थाच्या टोपणनावाने करीत राहिले. वॉरेन किंबॉल यांनी १९८४ मध्ये तीन खंडांत संपादित केलेल्या या व्यवहारात सुमारे दोन हजार संदेश आहेत. चर्चिल आणि कर्टिन यांच्यातील तारांचे स्वरूप यापेक्षा वेगळे होते. कर्टिन यांच्याकडून जाणाऱ्या तारांना ‘जोहकू’ आणि चर्चिल यांच्याकडून येणाऱ्या तारांना ‘विंच’ अशी, दोघांच्या नावांतील अक्षरांवरून बेतलेली, मालिकानामे होती. नावांत सलगी असली तरी तारांत ती फारशी आढळत नाही.

या साहित्याच्या वाचनात एक मूलभूत अडचण आहे. रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी आणि कर्टिन ५ जुलै १९४५ रोजी, दोघेही अधिकारपदावर असतानाच, निधन पावले. दोघांनीही आत्मकथन लिहिले नाही. तिघांपैकी एकटे चर्चिल हयात राहिले आणि त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५०-५१) यांतील अनेक तारा छापून त्यांवर भाष्यही केले. म्हणजे या वादाचे पहिले सार्वजनिक वाचन वादातील एका पक्षकारानेच जगापुढे ठेवले. पुढे ऑस्ट्रेलियन परराष्ट्र धोरणाची कागदपत्रे खंडशः प्रसिद्ध झाली, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या तारा त्यांच्या मूळ क्रमाने वाचणे शक्य झाले. संदेशांचा क्रम बदलला की अर्थही बदलतो, ही गोष्ट या साहित्याच्या अभ्यासकाने सतत ध्यानी ठेवली पाहिजे.

आश्वासनाची भाषा

या व्यवहाराची पूर्वपीठिका ऑगस्ट १९४० मधील एका तारेत आहे. चर्चिल यांनी ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान मेन्झिस आणि न्यूझीलंडचे पंतप्रधान फ्रेझर यांना कळविले होते की, जपानने या दोन देशांवर मोठ्या प्रमाणावर आक्रमण केल्यास ब्रिटन भूमध्य सागरातील आपले नुकसान पत्करील आणि स्वतःच्या बेटाचे संरक्षण व अन्नपुरवठा एवढे सोडून बाकी सर्व हितसंबंधांचा त्याग करून मदतीस येईल.

या आश्वासनाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यागाची व्याप्ती अमर्याद वाटावी असे शब्द त्यात योजलेले आहेत. परंतु ‘मोठ्या प्रमाणावर आक्रमण’ ही अट त्याच वाक्यात आहे. आक्रमण मोठे केव्हा ठरेल आणि ते कोण ठरवील, याविषयी वाक्य मौन बाळगते. अट पूर्ण होईपर्यंत मदतीचा प्रश्न उद्भवत नाही आणि अट पूर्ण झाल्यावर मदत पोहोचण्यास वेळ उरत नाही, अशी ही रचना होती. अशा प्रकारच्या आश्वासनांवर विसंबून ऑस्ट्रेलियाने आपली ६ वी, ७ वी आणि ९ वी डिव्हिजन मध्यपूर्वेत पाठविली. ८ व्या डिव्हिजनचा मोठा भाग मलायात गेला. सिंगापूरचा नाविक तळ हा या साऱ्या विश्वासाचा आधार होता.

१० डिसेंबर १९४१ रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश युद्धनौका मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडविल्या, तेव्हा तो आधार डळमळला. कर्टिन यांचे मजूर पक्षाचे सरकार त्या वेळी जेमतेम दोन महिन्यांचे होते. २७ डिसेंबर रोजी मेलबर्नच्या ‘हेरल्ड’ या वृत्तपत्रात कर्टिन यांचे नववर्षानिमित्तचे निवेदन प्रसिद्ध झाले. ब्रिटनशी असलेल्या परंपरागत नात्याबद्दल मनात कोणतीही कालवाकालव न होऊ देता ऑस्ट्रेलिया आता अमेरिकेकडे पाहत आहे, असा त्याचा आशय होता. चर्चिल त्या वेळी वॉशिंग्टनमध्येच होते आणि ते संतापले.

या निवेदनाला पुढे जवळजवळ स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे मोल आले. वस्तुतः त्यात रक्षणकर्ता बदलण्याची इच्छा आहे; रक्षणाचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार त्यात अजून उच्चारलेला नाही. एका मोठ्या सत्तेकडून दुसऱ्या मोठ्या सत्तेकडे दृष्टी वळविणे म्हणजे स्वायत्तता नव्हे. शिवाय जर्मनीचा पराभव आधी आणि जपानचा नंतर, हा क्रम ब्रिटन व अमेरिका यांनी आपसात मान्य केलेला होता. परराष्ट्रमंत्री एव्हॅट यांना त्याचा लेखी पुरावा मे १९४२ मध्ये लंडन येथे पाहावयास मिळाला. ज्या घराकडे पाहावयाचे ठरविले, त्या घराचा अग्रक्रम आधीच ठरलेला होता.

‘अक्षम्य विश्वासघात’ : एका शब्दाचा प्रवास

२३ जानेवारी १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाकडून गेलेली तार या साऱ्या व्यवहारातील सर्वांत उद्धृत तार होय. लंडनमधील ऑस्ट्रेलियाचे विशेष प्रतिनिधी अर्ल पेज यांच्याकडून असे कळले होते की, सिंगापूर सोडून देऊन तिकडे जाणारी कुमक ब्रह्मदेशाकडे वळविण्याचा विचार संरक्षण समितीत चालू आहे. त्याच दिवशी न्यू ब्रिटन बेटावरील रबाउल जपान्यांच्या हाती गेले. या पार्श्वभूमीवर, सिंगापूर सोडणे हा अक्षम्य विश्वासघात मानला जाईल, असे कर्टिन यांच्या नावाने कळविण्यात आले. मसुद्यात एव्हॅट यांचा मोठा हात होता, असे मानले जाते.

‘विश्वासघात’ हा शब्द दोन सरकारांमधील व्यवहाराचा नाही. तो आप्तांमधील आहे. करार मोडला तर भंग होतो, नाते मोडले तर विश्वासघात होतो. म्हणजे तक्रार करतानाही ऑस्ट्रेलिया अजून कुटुंबातील सदस्याच्याच भाषेत बोलत होता. या शब्दाची किंमत किती जड पडली, ते पुढील महिन्यात दिसले. ब्रिटनच्या १८ व्या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड १३ जानेवारीलाच सिंगापुरात उतरली होती. उर्वरित भाग जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी उतरला आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूरने शरणागती पत्करली. ही डिव्हिजन आणि सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन सैनिक बंदी झाले.

२० फेब्रुवारीच्या तारेत चर्चिल यांनी नेमका तोच शब्द उचलला. तुमच्या मताला अनुसरून आम्ही १८ वी डिव्हिजन ब्रह्मदेशाऐवजी सिंगापुरात घातली. ती तेथे गमावली गेली, पण तिने रंगून बहुधा वाचविले असते. निर्णयाची जबाबदारी मी व माझे सहकारी घेतो, परंतु त्या तारेमुळे तिचा मोठा वाटा तुमच्यावरही येतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. एका बाजूचा आरोप दुसऱ्या बाजूने कर्जखत म्हणून जपून ठेवला आणि वसुलीच्या वेळी पुढे केला. कर्टिन सरकारच्या तारेचा त्या निर्णयावर नेमका किती परिणाम झाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि कर्टिन यांच्या समर्थकांनी एक विसंगती मान्य केली पाहिजे. आपल्या सैनिकांना मायदेशी आणण्याचा आग्रह फेब्रुवारीत धरणाऱ्या सरकारने जानेवारीत, बुडत्या तळावर इतरांची कुमक धाडली जावी, असाच आग्रह धरला होता.

तीन दिवसांच्या तारा

फेब्रुवारीच्या मध्यास ऑस्ट्रेलियाची ७ वी डिव्हिजन मध्यपूर्वेतून जहाजांनी पूर्वेकडे येत होती. सिंगापूर पडल्यावर आणि जावा धोक्यात आल्यावर, लष्करप्रमुख जनरल स्टर्डी यांच्या सल्ल्यानुसार, ही डिव्हिजन मायदेशी यावी असे कर्टिन यांनी कळविले. चर्चिल यांना ती रंगूनला हवी होती, कारण रंगूनच्या बंदरातूनच चीनला रसद पोहोचत असे.

२० फेब्रुवारीची चर्चिल यांची तार तीन पायऱ्यांनी चढत जाते. पहिल्या पायरीवर निकड आहे : वेळेत रंगूनला पोहोचू शकेल असे दुसरे सैन्यच नाही. दुसऱ्या पायरीवर ऋण आहे : सिंगापूरच्या वाट्याचा वर उल्लेखिलेला हिशेब. तिसऱ्या पायरीवर इशारा आहे : नकार दिल्यास अध्यक्ष आणि वॉशिंग्टनचे वर्तुळ, ज्यांच्यावर तुम्ही एवढे अवलंबून आहात, त्यांच्यावर फार गंभीर परिणाम होईल. त्याच वेळी चर्चिल यांनी रूझवेल्ट यांनाही कर्टिन यांच्यासाठी संदेश देण्याची विनंती केली होती. ज्या दडपणाचा इशारा तारेत दिला आहे, त्या दडपणाची जुळवाजुळव इशारा देणाराच करीत होता. तीन टोकांच्या या व्यवहारातील दोन टोकांमध्ये काय चालले आहे, ते तिसऱ्या टोकाला पूर्णपणे दिसत नव्हते.

रूझवेल्ट यांचा सूर मात्र निराळा आहे. त्यांनी अमेरिकेचे सैन्य ऑस्ट्रेलियाकडे पाठविण्याची तयारी सांगून डिव्हिजन वळविण्याची विनंती केली आणि नकारानंतर, तुमची भूमिका समजते पण पूर्णतः पटत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. ज्याच्या हातात देण्यासारखे पुष्कळ असते, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

कर्टिन यांच्यावर स्वकीयांचेही दडपण होते. पेज आणि लंडनमधील उच्चायुक्त स्टॅन्ली ब्रूस या दोघांनीही डिव्हिजन ब्रह्मदेशाला द्यावी असाच सल्ला दिला होता. तरीही कर्टिन यांनी नकार कायम ठेवला. तेव्हा २२ फेब्रुवारीला चर्चिल यांची जी तार आली, ती या साऱ्या साहित्याच्या केंद्रस्थानी आहे. तिचा आशय असा : आमची आणि अध्यक्षांची विनंती तुम्ही नाकाराल असे आम्हाला वाटलेच नव्हते, तुमच्या औपचारिक मंजुरीची वाट पाहत जहाजे ऑस्ट्रेलियाच्या दिशेने जाऊ दिली असती, तर ती रंगूनला उशिरा पोहोचली असती किंवा इंधनाविना अडकली असती, म्हणून ताफा तात्पुरता उत्तरेकडे वळविला आहे, आता काही जहाजे इंधन घेतल्याशिवाय ऑस्ट्रेलियाला पोहोचू शकत नाहीत, या भौतिक परिस्थितीमुळे तुम्हाला फेरविचारास काही दिवस मिळतील.

येथे एक शब्द आणि एक वाक्यरचना निर्णायक आहे. शब्द ‘औपचारिक’ हा होय. संमती म्हणजे निर्णयाचा गाभा नसून निर्णयानंतर उमटवावयाचा शिक्का आहे, हे गृहीतक त्यात आहे. आणि वाक्यरचना अशी की, आदेश देणारा कर्ता हळूहळू नाहीसा होतो व त्याची जागा ‘भौतिक परिस्थिती’ घेते. जहाजे आता फार उत्तरेस आहेत, इंधन अपुरे आहे. जणू ती आपणहून तेथे गेली. सत्तेची भाषा स्वतःच्या कृतीला परिस्थितीचे रूप कसे देते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

२३ फेब्रुवारीला कर्टिन यांनी दिलेले उत्तर म्हणूनच महत्त्वाचे आहे. या महत्त्वाच्या बदलास आमची संमती ही निव्वळ औपचारिक बाब आहे असे तुम्ही मानलेत. असे करून तुम्ही ताफ्याचा धोका वाढविला आहे आणि परिणामांची जबाबदारी तुमच्यावर आहे, असे त्यांनी कळविले. पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय फिरविणे अशक्य आहे, हेही सांगितले. महिन्यापूर्वीच्या तारेतील ‘विश्वासघात’ या उत्तराच्या युक्तिवादात कोठे नाही. त्याच्या जागी संमती, निर्णय आणि जबाबदारी ही कायद्याची व कारभाराची भाषा आली आहे. नाते दुखावल्याची तक्रार संपली. अधिकार डावलल्याची नोंद सुरू झाली. चर्चिल यांनीही आदेश बदलला : ताफा कोलंबो येथे इंधन घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाला.

दोन प्रचलित वाचने

या प्रसंगाची दोन वाचने रूढ आहेत. पहिले ‘मोठ्या फसवणुकी’चे. डेव्हिड डे यांच्या १९८८ च्या ग्रंथाने त्याला अभ्यासाचे बळ दिले आणि १९९२ मध्ये पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी संसदेत ब्रिटनवर टीका करताना त्याचा राजकीय वापर केला. दुसरे वाचन ‘अवाजवी भया’चे. त्यानुसार जपानने ऑस्ट्रेलिया जिंकण्याची योजना कधी स्वीकारलीच नाही. नौदलातील काहींनी ती सुचविली, परंतु लष्कराच्या विरोधामुळे ती मार्च १९४२ मध्येच बाजूला पडली. पीटर स्टॅन्ली यांनी ही बाजू आग्रहाने मांडली आहे.

दुसऱ्या वाचनातील तपशील खरा असला तरी तो कर्टिन यांच्यासमोरच्या टेबलावर नव्हता. १९ फेब्रुवारीला, म्हणजे निर्णायक तारेच्या आदल्या दिवशी, डार्विन बंदरावर जपानी बॉम्बहल्ला होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली होती. शत्रूचे मनोगत नंतर उघड होते. निर्णय आधी घ्यावा लागतो. पहिल्या वाचनाचा दोष वेगळा आहे. सर्व वाद फसवणुकीच्या चौकटीत बसविला की ब्रिटन हा आश्वासन मोडणारा पालक आणि ऑस्ट्रेलिया हा टाकलेला पाल्य, हीच जुनी प्रतिमा कायम राहते. कर्टिन यांनी २३ फेब्रुवारीला ज्या प्रतिमेतून पाऊल बाहेर टाकले, तीतच हे वाचन त्यांना परत नेऊन बसविते.

घटनांनी कोणाची बाजू उचलून धरली, हेही पाहणे आवश्यक आहे. ज्या २३ फेब्रुवारीला कर्टिन यांची तार गेली, त्याच दिवशी पहाटे ब्रह्मदेशात सितांग नदीवरील पूल, १७ व्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग पैलतीरावर असतानाच, उडवून देण्यात आला. ८ मार्चला जपानी सैन्य रंगुनात शिरले. ७ वी डिव्हिजन फेब्रुवारीच्या अखेरीस तेथे उतरली असती, तर तिची अवजड सामग्री वेगळ्या जहाजांवर असताना तिने काय साधले असते, हे सांगण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. हीच डिव्हिजन त्याच वर्षी न्यू गिनीत, कोकोडाच्या वाटेवर आणि मिल्न बे येथे लढली. कर्टिन यांचा नकार सरसकट नव्हता, हेही नोंदले पाहिजे. ६ व्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड त्यांनी काही काळ सिलोनच्या रक्षणासाठी दिल्या आणि ९ वी डिव्हिजन एल अलामेनच्या लढाईपर्यंत मध्यपूर्वेत ठेवली.

ज्यांच्या नावे तार आली नाही

या तारांत ब्रह्मदेश, मलाया आणि भारत यांचा उल्लेख वारंवार येतो, पण तो भूमी, रसद आणि सैन्यबळ म्हणून. सिंगापूरच्या पाडावात सुमारे ४०,००० भारतीय सैनिक बंदी झाले. त्यांना तेथे पाठवावे की नाही, असे विचारणारी तार कोणाही भारतीय प्रतिनिधीच्या नावे आली नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात असल्याचे घोषित केले होते. कर्टिन यांना संमती ‘औपचारिक’ मानली गेल्याचा राग आला. भारताच्या बाबतीत ती औपचारिकताही कोणाला आवश्यक वाटली नाही. कर्टिन यांच्या तारांतही या माणसांविषयी चिंता दिसत नाही, हे निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे.

या दृष्टीने क्रिप्स योजनेकडे पाहिले असता तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. एप्रिल १९४२ मध्ये वाटाघाटी मोडल्या त्या मुख्यतः संरक्षण खाते कोणाच्या हाती असावे या प्रश्नावर. त्या वेळी हा आग्रह अडेलपणाचा आहे, अशी टीका झाली. परंतु फेब्रुवारीतील तारा असेच सांगतात की, पूर्ण दर्जा असलेल्या स्वायत्त वसाहतीच्या पंतप्रधानालाही आपल्याच सैन्याच्या दिशेविषयीचा अधिकार तारेमागून तार पाठवून राखावा लागला. संरक्षणाचा निर्णय हाती नसलेले स्वराज्य किती पोकळ ठरले असते, याचा पुरावा लंडन आणि कॅनबेरा यांच्यातील त्या गोपनीय तारांत होता. भारतीय नेत्यांना त्या वेळी तो पाहता येणे शक्य नव्हते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. या व्यवहारातील संघर्ष केवळ सैन्याच्या वाटपाचा नव्हता. संमती हा निर्णयाचा भाग आहे की निर्णयानंतरचा उपचार, हा त्याचा गाभा होता.

२. २७ डिसेंबर १९४१ च्या निवेदनात आधार बदलण्याची इच्छा आहे. २३ फेब्रुवारी १९४२ च्या तारेत अधिकाराचा उच्चार आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने वेस्टमिन्स्टरचा कायदा १९४२ मध्येच स्वीकारला, तो ३ सप्टेंबर १९३९ पासून लागू धरून, ही गोष्ट या उच्चाराशी सुसंगत आहे.

३. विश्वासघाताची भाषा दुर्बल पक्षाला तात्कालिक बळ देते, परंतु ती त्याच्यावर उलटू शकते. संमती आणि जबाबदारी यांची कोरडी भाषा अधिक टिकाऊ ठरली.

४. हा अधिकार ज्यांनी मिळविला त्यांनाही, ज्यांना तो नव्हता त्यांची आठवण झाली नाही. म्हणून या तारांचे वाचन ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यापुरते मर्यादित ठेवणे अपुरे आहे.

मित्रराष्ट्रांच्या नेत्यांचा पत्रव्यवहार बहुधा मैत्रीचा दस्तऐवज म्हणून वाचला जातो. या तारा वाचल्यानंतर असे म्हणावेसे वाटते की, समान शत्रू असणे म्हणजे समान दर्जा असणे नव्हे. आणि दर्जाची खरी परीक्षा, नकार दिल्यानंतर तो ऐकला जातो की नाही, यावरच होते. कर्टिन यांचा नकार, इंधन संपत आलेल्या जहाजांसह का होईना, शेवटी ऐकला गेला. सितांगच्या पैलतीरावर अडकलेल्या सैनिकांच्या देशाला मात्र नकार देण्याची जागाच नव्हती.